आई परदेशी, सांभाळ कुणाकडे?

घरकामासाठी आखातात किंवा हाँगकाँगला जाणाऱ्या बाईचं कंत्राट सहसा दोन वर्षांचं असतं. घरी ठेवलेलं मूल तीन वर्षांचं असेल, तर आई पहिल्या सुट्टीला येते तेव्हा ते पाच वर्षांचं झालेलं असतं. मधल्या काळात ते पुरती वाक्यं बोलायला लागलं, बालवाडीत गेलं, अंधाराला घाबरायला लागलं आणि घाबरायचं थांबलंही. हे सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर झालं. सुट्टी संपली की दुसरं कंत्राट, मग तिसरं. अशी चार कंत्राटं झाली की मूल अकरा वर्षांचं होतं.

आईने जावं की जाऊ नये, यावर सगळ्या देशांत तावातावाने बोललं जातं. ती गेल्यावर मूल नेमकं कोण सांभाळतं, त्या माणसाला कोण विचारतं, याबद्दल मात्र फारच थोडं. मला वाटतं, मुलाचं बरंवाईट जास्त करून याच दुसऱ्या प्रश्नावर ठरतं.

पहिली शंका मनात येते ती अशी, की मूल बरोबर का नेत नाही? उत्तर व्हिशात आहे. हाँगकाँग, सिंगापूर आणि आखाती देश घरकामगाराला कुटुंब आणू देत नाहीत. तिथे गेलेला इंजिनियर किंवा बँकेतला अधिकारी ठरावीक पगाराच्या वर बायकोमुलांना नेऊ शकतो. घरकामाच्या व्हिशावर ती सोयच नाही. बाईने मालकाच्या घरात राहायचं, तिथेच झोपायचं. सिंगापुरात परदेशी घरकामगार बाईची दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते आणि तीत गरोदरपणाची चाचणीही असते. दिवस गेलेले निघाले तर सहसा परवाना रद्द होतो आणि तिला परत पाठवलं जातं. या देशांना तिचे हात हवे असतात. तिचं घरदार त्यांना नको असतं.

हे कसं सुरू झालं ते थोडक्यात पाहू. फिलिपाइन्समध्ये १९७४ साली, फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत, नवी कामगार संहिता आली आणि परदेशी नोकरी हे सरकारी धोरण झालं. देशात रोजगार नव्हता, तेलाच्या पैशाने आखातात बांधकामं निघाली होती. आधी पुरुष गेले. पुढे बायका निघाल्या, परिचारिका म्हणून आणि त्याहून जास्त घरकामाला. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष कोरासोन अकिनो यांनी हाँगकाँगमधल्या घरकामगार बायकांना ‘बागोंग बायानी’ म्हटलं, म्हणजे देशाचे नवे वीर. हा शब्द तिथे रुळला. २०२३ च्या सरकारी पाहणीत परदेशी काम करणारे फिलिपिनो सुमारे २१ लाख ६० हजार होते आणि त्यांत निम्म्याहून जास्त, म्हणजे जवळपास १२ लाख, बायका होत्या. २०२४ मध्ये परदेशातून तिथे ३४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम आली.

श्रीलंकेत १९७७ साली अर्थव्यवस्था खुली झाली आणि पाठोपाठ बायका सौदी, कुवेत, अमिरातीकडे निघाल्या. १९८५ मध्ये सरकारने परदेशी रोजगारासाठी वेगळी संस्था उभी केली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर देशाबाहेर कामाला जाणाऱ्या दर चार माणसांत जवळपास तीन बायका होत्या. बहुतेकींचं स्वप्न एकच, कुडाच्या घराच्या जागी विटा-सिमेंटचं घर. नवरा मजूर किंवा मासेमार, रोजची कमाई रोज संपणारी. आखातातल्या मोलकरणीचा पगार त्या मानाने कितीतरी मोठा. पण तो हाती येण्याआधी एजंटाला द्यायला काढलेलं कर्ज असायचं, त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने घराची वीट सोडाच, सावकाराचं व्याज फिटायचं.

आता सांभाळाकडे येऊ. आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली या सगळ्याला एक नाव दिलं. मराठीत त्याला सांभाळाची जागतिक साखळी म्हणता येईल. हाँगकाँगमधलं नोकरदार जोडपं मुलासाठी फिलिपिनो बाई ठेवतं. ती बाई आपल्या पगारातून स्वतःच्या मुलांसाठी गावाकडे एक मदतनीस ठेवते. ही मदतनीसही कुणाची तरी आई असते. तिच्या लेकरांकडे तिची थोरली मुलगी किंवा म्हातारी सासू बघते. साखळी खाली उतरते तसा पगार आटत जातो आणि शेवटच्या कडीला काहीच मिळत नाही. श्रीमंत देशाने पाळणाघरं आणि वृद्धांच्या सेवेवर जो खर्च टाळला, तो शेवटी फिरून फिरून एका बारा वर्षांच्या पोरीच्या अंगावर येतो. ती कोण हे हाँगकाँगमधल्या घराला कधी कळतही नाही.

आई गेल्यावर सांभाळायला सर्वांत जवळचा माणूस बाप. मग तो कुठे असतो? फिलिपाइन्समध्ये आईला ‘घराचा दिवा’ आणि बापाला ‘घराचा खांब’ म्हणायची जुनी रीत आहे. दिवा परदेशी गेला, तर खांबाने उजेड द्यावा अशी अपेक्षा कुणी करत नाही. राशेल पारेन्यास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या शतकाच्या सुरुवातीला अशा घरांतल्या तरुण मुलामुलींशी सविस्तर बोलून अभ्यास केला. त्यांना दिसलं ते असं, की आई गेली की घरचं काम बापाकडे सरकत नाही. ते मावशीकडे, आजीकडे, थोरल्या बहिणीकडे जातं, आणि उरलेलं आई परदेशातून फोनवर करत राहते. त्यांच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाप परदेशी असलेली मुलं ‘बाबा आमच्यासाठी कष्ट करतात’ असं म्हणायची. आई परदेशी असलेली मुलं, आई तेवढेच किंवा जास्त पैसे पाठवत असूनही, ‘ती आम्हाला सोडून गेली’ असं म्हणायची. गैरहजेरी दोघांची सारखीच होती. गावाने, शाळेने, प्रवचनांनी त्या मुलांना आईच्या गैरहजेरीसाठी एक वेगळा शब्द शिकवून ठेवला होता.

मात्र सगळे बाप हात झटकतात, हेही खरं नाही. २००८ साली इंडोनेशिया, फिलिपाइन्स, थायलंड आणि व्हिएतनाम अशा चार देशांत मिळून एक मोठी पाहणी सुरू झाली. आई परदेशी असलेल्या कितीतरी घरांत बापच मुख्य सांभाळणारा असल्याचं तीत आढळलं. श्रीलंकेत ‘बायको आखाताला गेली की नवरा दारूला लागतो’ हे इतकं ऐकू येतं, की ते म्हण असल्यासारखं झालंय. काही घरांत तसं होतंही. पण मुलीची वेणी घालणाऱ्या, भात शिजवणाऱ्या, शाळेच्या पालकसभेला एकट्या बसणाऱ्या बापाकडे गाव कसं बघतं, याचाही विचार करावा. शेजारीपाजारी हसले की तो चार दिवसांत मुलं आपल्या आईकडे पोचवतो. त्याला हसणारे लोक मुलांचंच नुकसान करतात.

थोरल्या मुलीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. फिलिपिनो घरांत थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणतात. आणखी एक शब्द आहे, ‘टागासालो’, म्हणजे झेलणारी. घरात जे काही पडायला येईल ते झेलते ती. आई गेली की ही पोर पहाटे उठून भाताचं भांडं चढवते, धाकट्यांना आंघोळी घालते, त्यांचे डबे भरते, मग स्वतः शाळेत जाते आणि बाकावर पेंगते. ती तक्रार करत नाही. शिक्षक खूश, नातेवाईक खूश. आपल्याकडेही अशा मुलीला ‘किती समंजस आहे हो पोर’ म्हणतात ना! त्या कौतुकात तिची दमणूक झाकून जाते. धाकट्यांपैकी कुणी बिघडलं तर मोठी माणसं तिलाच जाब विचारतात. परदेशातली आई तिला फोनवर सूचना देते आणि आजी घरात हुकूम सोडते. त्या दोघींच्या मध्ये तिचं नववीचं वर्ष कधी जातं ते कुणाच्या लक्षात येत नाही. घरचे पैसे वाढले तर पोरांचं शिक्षण सुधारतं हे खरं, पण ते सगळ्या पोरांचं सारखं सुधारत नाही. ज्या घरात फी आईच्या पगारातून आणि वेळ थोरलीच्या अभ्यासातून जातो, तिथे धाकटा पुढे जातो आणि थोरली मागे राहते.

मग आजी. सिंहली घरात ती ‘आच्ची’, मनिलाकडे ‘लोला’. मुलांना ती जीव लावते यात शंका नाही. पण तिला विचारलेलं असतं का? बहुतेक घरांत ‘आई आहेच की’ एवढ्यावर सगळं ठरतं. आपल्याकडे ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रक गावाबाहेर पडतात तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आठवा. तिथे निदान पाच-सहा महिन्यांनी पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, आणि माणसं परततात, आणि शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची काहीतरी व्यवस्था कागदावर तरी असते. परदेशी गेलेल्या लेकीची वाट वर्षानुवर्षांची. आजीचे गुडघे गेलेले, रक्तदाबाची गोळी चालू, नातवाचा सातवीचा गृहपाठ तिला वाचता येत नाही. सात वर्षांचं पोर तिचं ऐकतं, चौदा वर्षांचं ऐकत नाही. पैसे येतात ते मुलांसाठी, घरासाठी, कर्जासाठी. तिच्या श्रमासाठी म्हणून वेगळं काही येत नाही. ती आजारी पडली तर पुढे कोण, हे ठरलेलं नसतं.

मुलांवर परिणाम काय होतो, याचं एका शब्दात उत्तर नाही. २०१८ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १११ अभ्यास एकत्र तपासलेला एक लेख आला. आई किंवा बाप कामासाठी दूर गेलेल्या मुलांत नैराश्य, चिंता, जीव द्यावासा वाटणं आणि कुपोषण या गोष्टी जास्त आढळल्या. पण त्या १११ मधले ९१ अभ्यास चीनमधले होते. तिथले आईबाप परदेशी नव्हे, देशातल्याच शहरांत कामाला गेलेले. दुसरीकडे, आधी सांगितलेल्या चार देशांच्या पाहणीत बाप परदेशी असलेल्या इंडोनेशिया आणि थायलंडमधल्या मुलांची मनःस्थिती इतर मुलांपेक्षा वाईट निघाली, फिलिपाइन्स आणि व्हिएतनाममध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. देश बदलला की निकाल बदलतो, कारण मागचं घर बदलतं. फिलिपाइन्समध्ये वर्गात अशी चार मुलं असतात, शाळेला सवय असते, मावश्यांचं जाळं असतं. मुलाला निदान आपण एकटेच वेगळे आहोत असं वाटत नाही.

वयानेही फरक पडतो. दीड-दोन वर्षांच्या बाळाला आईचा चेहरा इतका काळ लक्षात राहत नाही. जो रोज भरवतो, निजवतो, त्याच्याशी त्याचं नातं जुळतं, आणि तो माणूस एकच राहिला तर बाळ सावरतं. खरा धोका असतो तो हात बदलत राहण्याचा. सहा महिने आजीकडे, मग काकूकडे, मग शेजारणीकडे, असं झालं की ते कुणालाच घट्ट धरत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘दोन वर्षं’ कळत नाहीत. ते रोज दाराकडे बघतं आणि मनाशी एक कारण शोधतं: मी हट्ट केला म्हणून आई गेली. हे ते कुणाला सांगत नाही, म्हणून मोठ्यांनी आपण होऊन ‘तुझ्यामुळे नाही गेली’ असं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. वयात येणाऱ्या मुलांचं दुःख रागाच्या रूपात बाहेर पडतं. फोन आला की ‘नंतर बोलतो’ म्हणून उठून जाणारा मुलगा आईला विसरलेला नसतो.

पॉलीन बॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशा दुःखाला नाव दिलंय, धड न संपणारा वियोग. माणूस गेलेलं नाही आणि जवळही नाही. मरण आलं तर सुतक असतं, लोक भेटायला येतात, रडायला मुभा असते. आई परदेशी गेल्यावर मुलाने रडलं तर त्याला सांगितलं जातं, ‘अरे, तुझ्यासाठीच गेलीय ना ती!’

हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं आणि फार नुकसान करतं. फिलिपिनो भाषेत ‘उतांग ना लोओब’ अशी कल्पना आहे, आतून वाटणारं ऋण. आईच्या त्यागाचं ऋण मुलाच्या डोक्यावर रोज ठेवलं, की त्याला आईची आठवण येण्याचीही लाज वाटायला लागते. नापास झालं तर ते फक्त नापास होत नाही, आईचे कष्ट वाया घालवतं. आईने काम का धरलं हे मुलाला जरूर सांगावं, कर्ज किती होतं तेही वयानुसार सांगावं. पण ‘आई गेली हा मोठ्यांचा निर्णय होता, तुला तिची आठवण येणं साहजिक आहे’ हे त्याच दमात सांगावं.

फोन आल्यापासून पुष्कळ बदललं. पूर्वी आया कॅसेटवर आवाज भरून पाठवायच्या, मुलं ती टेप झिजेपर्यंत लावायची. मग एसएमएस आला, आता व्हिडिओ कॉल. आई गृहपाठ बघते, जेवताना समोर बसते, अंगाई म्हणते. या विषयावरच्या संशोधनात एक लक्षणीय गोष्ट दिसली: फोनमुळे आपण पुन्हा आई झालो असं बायकांना जितकं वाटतं, तितकं सगळ्या मुलांना वाटत नाही. काहींना तो रोजचा कॉल पाळत वाटतो. काहींना आईचा चेहरा दिसला की उलट जास्त रडू येतं. ‘काय जेवलास, अभ्यास झाला का’ एवढ्यावर कॉल संपत असेल तर तो लवकर कंटाळवाणा होतो. त्यापेक्षा दोघांनी मिळून काही करणं टिकतं: एकच गोष्ट रोज थोडी वाचणं, मुलाने आजीला भाजी करायला मदत करताना आईला दाखवणं, किंवा नुसता कॉल चालू ठेवून दोघांनी आपापलं काम करणं.

पण आईला फोन करायला मिळतो का, हे मालकाच्या हातात असतं, आणि इथे कायद्याचा संबंध थेट येतो. हाँगकाँगमध्ये घरकामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी देणं कायद्याने सक्तीचं आहे. म्हणून रविवारी तिथल्या सेंट्रल भागात, बँकांच्या उंच इमारतींखाली, हजारो बायका पुठ्ठे पसरून बसलेल्या दिसतात: जेवतात, नखं रंगवतात, घरी पाठवायचे खोके भरतात आणि तासन्‌तास फोनवर असतात. त्यांचा तो सुट्टीचा दिवस घरी पोराच्या वाट्याला येतो. आखातातल्या कितीतरी घरांत मात्र बाईचा पासपोर्ट मालकाकडे असतो आणि फोनसुद्धा काढून घेतला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरकामगारविषयक करारात सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टी आणि स्वतःची कागदपत्रं स्वतःकडे ठेवण्याचा हक्क आहे. फिलिपाइन्सने २०१२ मध्ये त्याला मंजुरी दिली. भारताने अजून दिलेली नाही.

त्या खोक्यांबद्दलही सांगायला हवं. ‘बालिकबायन बॉक्स’ म्हणतात त्यांना. साबण, चॉकलेट, डबाबंद मांस, टॉवेल, बूट. आई महिनोन्‌महिने एकेक वस्तू जमवते आणि खोका जहाजाने जातो. बूट मात्र अडचणीचे. दोन वर्षांत पाऊल किती वाढलं हे तिला कसं कळणार? म्हणून काही घरांत मूल कागदावर पाऊल ठेवतं, आजी पेन्सिलीने भोवती रेघ ओढते आणि तो कागद आईला पाठवला जातो. तरी खोका पोचेपर्यंत पाऊल आणखी वाढलेलं असतं.

आता सरकारांनी काय केलं ते पाहू, कारण इथे शिकण्यासारखं बरंच आहे. जानेवारी २०१३ मध्ये रिझाना नफीक या श्रीलंकन तरुणीला सौदी अरेबियात देहदंड दिला गेला. २००५ साली, वय वाढवून दाखवलेल्या पासपोर्टवर, ती अवघ्या सतराव्या वर्षी तिथे गेली होती. मालकाचं तान्हं बाळ तिच्याकडे असताना दगावलं. दूध पाजताना ते गुदमरलं असं तिचं म्हणणं होतं. श्रीलंकेत संतापाची लाट उसळली. त्याच वर्षी सरकारने एक नियम आणला. परदेशी घरकामाला जाणाऱ्या बाईने ‘कौटुंबिक पार्श्वभूमी अहवाल’ आणायचा. पाच वर्षांखालचं मूल असेल तर जायचंच नाही. मूल मोठं असेल तर ते कोण सांभाळणार हे स्थानिक अधिकाऱ्यांना पटवून द्यायचं. वरवर पाहिलं तर मुलांच्या हिताचा नियम. पण तो फक्त बायकांना लागू होता. पाच लेकरांचा बाप उद्या कतारला निघाला तर त्याला कुणी काही विचारत नव्हतं. आणि घरी राहिलेल्या आईला काम, बालवाडी, कर्जातून सुटका यांपैकी काही मिळालं का? नाही. मग बायकांनी वाट शोधली. कुणी पर्यटक व्हिशावर गेली, कुणी दलालाला पैसे देऊन खोटा अहवाल मिळवला. अशा वाटेने गेलेल्या बाईची सरकारी नोंद धड नसते, छळ झाला तर मदत मागणं अवघड जातं, आणि मागे राहिलेल्या मुलाची नोंद कुठेच नसते, कारण कागदावर ते मूल नसतंच किंवा त्याची आई घरीच असते. ज्या मुलाला सरकारच्या नजरेत आणायचं होतं, तेच नियमामुळे नजरेआड गेलं. २०२२ मध्ये देश दिवाळखोरीत गेला, डॉलर हवे होते, आणि पाचाची अट दोन वर्षांवर आली. मुलांच्या गरजेत तोवर काही फरक पडला नव्हता. सरकारची निकड तेवढी बदलली होती.

रोमानियाची वाट वेगळी आहे. तिथून लाखो माणसं इटली-स्पेनला कामाला गेली, कितीतरी बाया इटलीत म्हाताऱ्यांच्या सेवेला. तिथल्या कायद्यानुसार परदेशी कामाला निघालेल्या पालकाने, आई असो वा बाप, किमान ४० दिवस आधी स्थानिक समाजसेवा कार्यालयाला कळवायचं आणि मूल कुणाकडे राहणार त्याचं नाव द्यायचं. मग न्यायालय त्या माणसाला पालकत्वाचे अधिकार तात्पुरते देतं. सगळेच कळवतात असं नाही. तरी विचाराची दिशा मला योग्य वाटते. आईला अडवायचं नाही, सांभाळणाऱ्याला अधिकार द्यायचा. कारण मावशीकडे असलेल्या मुलाचं अपेंडिक्स रात्री फुटलं तर ऑपरेशनच्या कागदावर सही कुणी करायची, हा प्रश्न अगदी खरा असतो.

आपल्याकडे काय? आखातासह ज्या देशांसाठी सरकारी मंजुरी लागते, तिथे घरकामाला जायला भारतीय बाईचं वय किमान ३० हवं, आणि २०१६ पासून अशी भरती सरकारी भरती संस्थांमार्फतच करायची आहे. तरी आंध्रातल्या कडप्पा आणि गोदावरीकाठच्या जिल्ह्यांतून बायका पर्यटक व्हिशावर जातच राहिल्या. महाराष्ट्रातून निघणारी वाट निराळी आहे, मुख्यतः परिचारिकांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही येतात. जर्मनीत कुटुंब नेता येतं, पण भाषेची परीक्षा, पदवीची मान्यता, राहायला घर हे सगळं जुळेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं, आणि तोवर मूल सांगलीला किंवा नगरला आजीआजोबांकडे असतं. जाहिरातीत पगार असतो. या वर्ष-दीड वर्षाबद्दल कुणी बोलत नाही.

निघायच्या आधी घराने काय ठरवावं, तर पहिलं म्हणजे मुख्य माणूस एकच. बाकी सगळे मदतीला. त्या माणसाला सगळ्यांसमोर विचारावं आणि नाही म्हणायची खरी मोकळीक द्यावी. महिन्याच्या पैशांतून काही रक्कम फक्त त्याच्यासाठी काढावी, आजी ‘मला कशाला’ म्हणाली तरी. शाळेला लेखी पत्र, दवाखान्यासाठी अधिकारपत्र, मुलाचं आधार, लसीकरणाचं कार्ड, सगळं एका पिशवीत. थोरली मुलगी असेल तर तिने काय करायचं नाही, हे स्पष्ट बोलावं: शाळा बुडवायची नाही, परीक्षेच्या दिवसांत चूल नाही. जमलं तर बापाच्या वाट्याची कामं लिहूनच काढावीत.

मुलाला आधी सांगावं. झोपलेलं असताना पहाटे निघून जाणं आईला सोपं वाटतं. मुलाला मात्र त्यानंतर झोपायचीच भीती वाटायला लागते. लहान मुलाला दोन वर्षं सणांत मोजून द्यावीत: दोन दिवाळ्या, दोन संक्रांती, मग आई. आईची वापरलेली साडी किंवा ओढणी न धुता ठेवावी. आणि घराबाहेरचं एक मोठं माणूस, शिक्षिका असेल, शेजारची काकू असेल, जिला मूल घरातलंही सांगू शकेल. हे कटू आहे, पण आई जवळ नसलेल्या मुलावर हात टाकणारा पुष्कळदा ओळखीचाच निघतो. भारतात मुलांसाठी १०९८ आणि श्रीलंकेत १९२९ हे मदतीचे क्रमांक आहेत. मुलाला ते पाठ असावेत.

राहता राहिलं आईचं परत येणं. घरी त्याची तयारी होते ती घर रंगवण्याची. विमानतळावर लहान मूल आजीच्या पदरामागे लपतं आणि आई तिथेच ढासळते. रात्री ते आजीजवळच झोपायचं म्हणतं. ‘मी तुझ्यासाठी एवढं केलं आणि तू...’ हे शब्द आईच्या ओठांवर येतात. मुलाला ओढून घेऊ नये. पहिले काही आठवडे ते आजीजवळच झोपू दे, आईने त्याच खोलीत दुसरं अंथरूण घालावं. भरवणं, शाळेत सोडणं, केस विंचरणं एकेक करून आजीच्या हातून आईच्या हातात यावं, आजीच्या देखत आणि तिच्या तोंडून: ‘आज आईकडून घालून घे वेणी.’ थोरलीलाही हळूहळू मोकळं करावं लागतं, कारण चार वर्षं घर चालवलेल्या मुलीला एका दिवसात पुन्हा लहान होता येत नाही. डब्यात काय द्यायचं यावरून तिचे आणि आईचे खटके उडतात. आणि आजीकडे बघायला हवं. चार वर्षं कुशीत निजवलेलं मूल एक दिवस शेजारच्या अंथरुणावर सरकतं, तेव्हा घरात सगळे आनंदात असतात. ती उठून पाणी प्यायला जाते आणि बराच वेळ परत येत नाही. तिच्यामागे कुणीतरी स्वयंपाकघरात जाऊन बसावं.